माझ्या साडूची दहा बोटं

माझ्या साडूइतका पायाच्या नखांचा विचार केलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. लोक पिकाचा विचार करतात, पोरीच्या लग्नाचा करतात, म्हातारपणी देवाचा करतात. हा नखांचा करायचा. समोरून माणूस आला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. हा आधी पायाकडे पाहायचा, आणि पाय मनास आले तरच मान वर करायचा. गावातल्या निम्म्या माणसांची तोंडं त्याला ओळखू येत नसत, पण नदीच्या ओल्या वाळूवरचा पाय पाहून कोण गेलं ते तो सांगायचा. मेडशीच्या अंगाला त्याचं गाव, माझं रिसोडच्या अलीकडे. माझी बायको थोरली बहीण, त्याची धाकटी. साडूचं नातं म्हणजे एकाच मांडवात वेगवेगळ्या साली बांधलेल्या दोन बैलांचं. एकमेकांना निवडलेलं नसतं, पण दावणी एकाच घरच्या. लग्नानंतरची पहिली पाच-सहा वर्षं मी त्याला येडा समजत होतो. नंतरही समजतच होतो, फक्त राग येईनासा झाला.

वहाण त्याने जन्मात घातली नाही. त्याच्या लग्नात सासऱ्याने चांगल्या कातड्याचा करकरीत जोडा केला होता. नवरदेवाने तो काखेत धरून सारं लग्न लावलं आणि नंतर गाईच्या गोठ्यात खुंटीला टांगला. तिथं तो उंदरांनी खाल्ला. विचारलं तर म्हणायचा, "चामड्यात पाय आंधळा होते, साडभाऊ. जमीन काय म्हणते ते त्याले समजत नाही." जमीन काय म्हणत होती ते त्याच्या नखांवरून दिसतच होतं. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्याचे चार महिने अनवाणी उभं राहिलं की नख आधी कडेला पिवळं पडतं, मग जाड होतं, मग छपरावरच्या जुन्या कवेलूसारखे त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालून पिठासारखा भुगा निघतो. त्याची दहाच्या दहा नखं अशी होती. आमची सगळ्यांचीच थोडीफार होती, पण त्याला दुखणं असं कुणी म्हणत नव्हतं. शेतकऱ्याचं नख असंच असतं, एवढं बोलून माणसं शेतात निंदायला जायची.

एकदा त्याच्या पुतण्यासाठी पोरगी पाहायला आम्ही कामरगावकडे गेलो. पोरगी पाटावर बसली. बाकीचे तिला नाव विचारत होते, स्वयंपाकाचं विचारत होते, आणि हा भुईला हात टेकून वाकून वाकून तिच्या पायाकडे पाहत होता. पोरीच्या बापाला वाटलं, पाहुण्यांना पोरगी लंगडी असल्याचा संशय आला. त्याने बिचारीला अंगणात तीन वेळा चालायला लावलं, एकदा तर डोक्यावर घागर देऊन. शेवटी साडूच म्हणाला, "चाल नाही पाहून राह्यलो वो, नख पाहून राह्यलो. नख साजरं हाय. पक्कं करा." पक्कं झालं, आणि पोरगी घरात चांगली निघाली. त्यामुळे त्याचा भाव आणखी वाढला.

आता माझ्या घरचं सांगतो. माझी बायको बोलायला कमी होती. मी बोलायला तिरसट. दोघांचं तीस-बत्तीस वर्षं बरं चाललं, कारण ती उत्तर देत नव्हती. तिच्या पायाच्या अंगठ्याजवळच्या बोटांची नखं अशीच सडली. उजवं बोट तर इतकं सुजलं की जोडवं रुतायला लागलं. तिने एक दिवस साबण लावून दोन्ही पायांची जोडवी काढली आणि फडक्यात बांधून डब्यात ठेवली. नवरा जिवंत असताना बाईने जोडवी उतरवणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. भादव्यात महालक्ष्म्या आल्या. शेजारच्या पाटलिणीच्या घरी सवाष्ण म्हणून जेवायला दर वर्षी पहिलं बोलावणं हिला असायचं. त्या वर्षी ही गेली, पाटावर बसायला वाकली, आणि पाटलिणीने पायाकडे पाहून म्हटलं, "बाई, तू जराशी थांब. मागच्या पंगतीले बस." एवढंच. ही मागच्या पंगतीला बसली, जेवली, घरी आली. त्यानंतर कुणाच्या घरी हळदीकुंकवाला म्हणून गेली नाही. बोलावणं आलं की "घरी काम हाय" म्हणायची. आणि मला खरं सांगायचं तर यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तिच्या पायाकडे कशाला पाहतो?

दिवाळीच्या पाडव्याला साडू आला. दारात आला, आणि रिवाजाप्रमाणे त्याने आधी पाहिलं ते हिच्या पायाकडे.

"मोठ्या बाई, जोडवी कोठी गेली?"

"डब्यात ठेवली, पाव्हणे."

"काहून?"

"बोट सुजते."

मी ओसरीवरून म्हटलं, "नखाचं काय घेऊन बसले, साडभाऊ? पोरीइले जोडवी घालाचं वय झालं आता तिचं."

तो माझ्याकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्या तोंडाकडे आधी पाहिलं. "तुमी गप राहा," म्हणाला. "तुमचा पाय नाही तो."

मग त्याने हिच्याकडून सारं काढून घेतलं. पाटलिणीचं, पंगतीचं, दोन महिन्यांचं. मला दोन महिन्यांत जे कळलं नाही ते त्याला चहा निवेपर्यंत कळलं. उठताना म्हणाला, "बाई, पुढच्या नाही तं त्याच्या पुढच्या महालक्ष्म्याइले तुमी पयल्या पंगतीत बसान. औषध मी काढतो. पण जे माह्या बोटावर टिकलं नाही ते तुमच्या बोटाले लावणार नाही."

तिथून त्याचं खरं वेड सुरू झालं. देवाने त्याला दहा बोटं दिली होती आणि दहाही नासकी होती. त्याच्या मते ही देवाची योजनाच होती. उजवा पाय त्याने गावठी औषधांना दिला आणि डावा सरकारी आणि बाजारच्या औषधांना. उजव्या अंगठ्याला करंजाचं तेल. त्याच्या शेजारी कडुनिंबाचं. मग तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी लिंबाच्या रसात वाटून, मग मोरचूद, आणि करंगळीला बिब्बा. डाव्या पायाला दवाखान्यातलं टिंक्चर, गंधकाचं मलम, घासलेट, आणि वाशीमच्या बाजारात एका फिरत्या वैदूने दिलेलं एक काळं काहीतरी, ज्याचा वास घरात शिरला की मांजर बाहेर जायचं. डाव्या करंगळीला काहीच नाही. मी विचारलं, "हिनं काय पाप केलं?" तो म्हणाला, "ते साक्षीदार हाय. तिले काही लावाचं नाही. बाकीचे नऊ खोटं बोलले तं कोणाले विचारू?"

लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून त्याने बायकोच्या फाटक्या लुगड्यांच्या नऊ रंगांच्या चिंध्या काढल्या आणि प्रत्येक बोटाला त्याच्या औषधाची चिंधी बांधली. तो रस्त्याने निघाला की पोळ्याचा बैल सुटल्यासारखा दिसायचा. कोंबड्या मागे लागायच्या. बिब्ब्याने तर पहिल्याच आठवड्यात इंगा दाखवला. करंगळी भरताच्या वांग्यासारखी फुगली, फोड आले, आणि महिनाभर हा उजव्या पायाच्या टाचेवर चालला. "बिब्बा बाद," एवढंच बोलला, जसा पंच बोलतो. घासलेटाची चिंधी घेऊन चुलीजवळ शेकत बसला, तेव्हा माझ्या मेहुणीने त्याला फुंकणीने अंगणात हाकललं. "अवो, बोटासंगं घर पेटवता काय!" तिचा आवाज चार घरं ऐकू गेला. हा अंगणातून म्हणाला, "घासलेटाले राहू दे, पण चुलीची जागा बदलव."

पण त्याचे खरे हाल केले ते आमच्या पाहुणचाराने. आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी तांब्याभर पाणी पायावर. हा साऱ्या मुलखाचा सोयरा. ज्याच्या घरी जाईल तिथली बाई पाणी घेऊन उभी, आणि पाय धुतले की औषध गेलं. हा दारातच पाय उचलून धरायचा. "नोका वो, पाणी नोका टाकू." लोकांना वाटायचं, पाव्हणा रुसला, घरात यायला तयार नाही. दोन-तीन घरांशी त्याचं येणं-जाणंच तुटलं.

त्यातच धोंड्याचा महिना आला. सासऱ्याने दोन्ही जावयांना धोंडे जेवायला बोलावलं. पाट मांडले, रांगोळी काढली, आणि सासरा परात आणि तांब्या घेऊन जावयांचे पाय धुवायला बसला. माझे धुतले. साडूची पाळी आली. त्याने दोन्ही पाय पोटाशी घेतले.

"मामंजी, पाय नोका धुवू. सहा महिन्याचं काम बुडन."

सासरा ऐंशीच्या घरातला, रागीट. "कोणतं काम?"

"नखाचं."

"माह्या दारात जावई पाय धुवू देत नाही? चार लोक बसले अठी. काय कमी केलं रे मी तुले?"

सासऱ्याने तांब्या खाली आदळला. सासू रडायला लागली. मेहुणी नवऱ्याला म्हणाली, "ठेवा ना बापा परातीत पाय, कायले शोभा करता!" हा हट्टाने पाय धरून बसलेला, आठ चिंध्या लोंबताहेत, आणि डोळ्यांत पाणी. तो हट्ट कुणासाठी होता ते तिथं फक्त दोघांना माहीत होतं. मी धरून तिघांना. आणि मी गप्प होतो. तेव्हा माझी बायको, जी माहेरीसुद्धा मोठ्याने बोलत नव्हती, माजघराच्या दारातून म्हणाली, "बाबा, त्याइच्या टाचा धुवा. टाच काय पाय नसते?"

सासऱ्याने जरा विचार केला. मग म्हणाला, "टाच बी पायच हाय." साडूने बोटं वर करून फक्त टाचा परातीत टेकवल्या, सासऱ्याने त्या धुतल्या, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. जगात फक्त टाचांची पूजा झालेला जावई माझा साडू एकटाच असेल.

वर्ष पुरं झालं तेव्हा तो निकाल घेऊन आला. ओसरीवर पाय लांब करून एकेक चिंधी सोडली. वैदूचं काळं औषध बाद, गंधक बाद, घासलेट बाद, मोरचुदाने कातडी जाळली. तरोटा बोटांमधल्या खाजेला चांगला, नखाला काही नाही. निंब बरा. साक्षीदार होता तसाच नासका. राहिले दोन, टिंक्चर आणि करंज. दोन्ही बोटांवर मुळाकडून नवं, गुलाबी नख अर्ध्याच्या वर आलेलं होतं. "टिंक्चर म्हंजे तहसीलदार," तो समजावून सांगायला लागला. "येते जोरात, पण रोज कोठी भेटते? दवाखाना सात कोस. आणि झोंबते. करंज म्हंजे कोतवाल. जोर नाही, पण रोज गावात. बाईले कोतवालच बरा." आणि मग मुख्य गोष्ट सांगितली, जी त्याला म्हणे आठव्या महिन्यात समजली: नुसतं तेल ओतून काही होत नाही. आधी कवेलूच्या तुकड्याने जुनं नख घासून पातळ करायचं, भुगा झाडायचा, पाय कोरडा ठेवायचा, मग तेल. रोज. "आणि वर्ष लागन. नख मुळापासून येते. वरून येत नाही."

"घासन कोण?" मी विचारलं. तिला कंबरेमुळे वाकता येत नव्हतं.

"तुमी."

ही आतून ओरडलीच. "नाही बापा! त्याइनं माह्या पायाले हात लावला तं मले पाप लागन."

खरंच होतं ते. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा, हे आमच्यात कुणी पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं नव्हतं. मलाही पटत नव्हतं. साडू शांतपणे म्हणाला, "मोठ्या बाई, टाच पाय हाय असं तुमीच भर पंगतीत ठरवलं. मंग बोट पाय नाही. टाचेले हात नोका लावू देऊ. बोट धरू द्या."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवण झालं की ती दाराशी भिंतीला टेकून पाय पुढे करायची, तोंड दुसरीकडे फिरवायची, आणि मी बोट धरून घासायचो. पहिले आठ दिवस ती डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. मग घेईनाशी झाली. मग बोलायला लागली. लहानपणी कोणत्या विहिरीवर पाणी भरायची, आमचं पहिलं पोर गेलं तेव्हा मी बाजारातून उशिरा आलो ते तिला कसं लागलं होतं, असं सारं. तोंड दुसरीकडेच असायचं. मी घासत राहायचो आणि ऐकत राहायचो. इतक्या वर्षांत मी तिचं एवढं ऐकलं नव्हतं. करंजाच्या तेलाचा वास कडू असतो; मला तो आता कुठं आला तर मी उठून दुसरीकडे जातो.

नवं नख आलं. मधे निंदण लागलं, पाऊस लागला, एकदा पुन्हा काळं पडलं, तेव्हा साडू येऊन माझ्यावर ओरडून गेला. पण आलं. भादव्यात जोडवी बोटात शिरली. महालक्ष्म्यांना पाटलिणीने स्वतः हात धरून तिला पहिल्या पाटावर बसवलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "पाव्हण्याले निरोप धाडा. त्याइले सांगा, बसली म्हणा." मी म्हटलं, "धाडू. बाजारात कोणी भेटलं का सांगू." कापसाचे दिवस होते. आज धाडू, उद्या धाडू करत मी धाडला नाही. थंडीत तिला ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती गेली.

साडूला निरोप पोचून तो येईपर्यंत सारं आटोपलं होतं. दहा कोस अनवाणी चालत आला. मेहुणी रडत होती. हा खांबाला टेकून बसून राहिला. माणसांच्या पायाकडे पाहिलं नाही, तोंडाकडेही नाही. तेराव्यानंतर गेला तो सहा-सात महिने आला नाही. साडूपण बायकांमुळे असतं. एक गेली की ते सुटतं, असं लोक म्हणतात. मीही तसंच समजलो. घरात मी एकटा. पोरी आपापल्या घरी. सकाळी उठावं, दोन भाकरी थापाव्या, त्यातली एक करपावी, दुपारी जेवण झालं की दाराशी बसावं. दुपार जात नसे.

श्रावणात एक दिवस तो दुपारचाच आला. ओसरीवर बसला. पाऊस-पाण्याचं बोलला, तुरीचं बोलला. मधेच थांबायचा. मला कळलं, याला काही विचारायचं आहे आणि धीर होत नाही. शेवटी जमिनीकडे पाहत म्हणाला, "साडभाऊ, एक सांगा. बाईनं जोडवी घातली होती काय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की याला कुणी सांगितलंच नाही. सांगायचं काम माझं होतं. मी कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत नाही. साऱ्या गावाला ते ठाऊक आहे, त्यालाही. म्हणून सांगितलं. नख कसं आलं, जोडवी कशी शिरली, पाटलिणीने हात कसा धरला, पहिल्या पाटावर कशी बसली. निरोप धाडायला तिने सांगितलं होतं आणि मी धाडला नाही, हेही सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्याने दिल्या नाहीत. "दुखत नव्हतं ना?" एवढं विचारलं. "नाही," म्हटलं. "पंगतीत कोण कोण होतं?" मी आठवून आठवून नावं सांगितली. तो मान हलवत राहिला. मग माझ्या हातची करपकी भाकर खाल्ली आणि गेला.

आता तो महिन्याकाठी एकदा येतो. थकला आहे, एक डोळा अधू झाला आहे, नखांचं कुणाला काही सांगत नाही. भाकर खातो, पाणी पितो. मग तो म्हणतो, "सांगा मंग, साडभाऊ. पंगतीचं सांगा." मी सांगतो. तेच सांगतो, नवीन कुठून आणू? एकही शब्द मी पदरचा घालत नाही, आणि एकही शब्द तो मला गाळू देत नाही.